वार आणि आईची प्रतिकारयंत्रणा

बाळाच्या त्वचेचा तुकडा आईच्या अंगावर लावला, तर तिचे शरीर तो काही दिवसांतच नाकारते. मात्र निम्मी जनुके पित्याकडून घेतलेला तोच जीव ती नऊ महिने आपल्या गर्भाशयात वाढवते. १९५३ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी हे कोडे मांडले आणि तीन उत्तरे सुचवली: दोघांमधली शारीरिक विभागणी, गर्भाची अपक्वता, किंवा आईच्या प्रतिकारशक्तीचे शैथिल्य. तिसरे उत्तर आजही लोकप्रिय आहे. माझ्या मते तेच सर्वांत दिशाभूल करणारे आहे. गर्भवतीची प्रतिकारयंत्रणा झोपलेली नसते.

पहिल्या उत्तरात मात्र बरेच तथ्य आहे. वार (प्लॅसेंटा) म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा अवयव; आईच्या रक्तात बुडालेल्या तिच्या अंकुरांवर एकच अखंड आवरण असते. असंख्य पेशी एकमेकींत विलीन होऊन ते तयार होते. त्यात केंद्रके पुष्कळ असतात, पण पेशींमधल्या सीमा नसतात, त्यामुळे आईच्या पांढऱ्या पेशींना शिरायला फट सापडत नाही. शिवाय, ज्या एचएलए प्रथिनांवरून परकेपणा ओळखला जातो, ती या आवरणावर नसतातच. हे विलीनीकरण घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात फार पूर्वी शिरलेल्या एका विषाणूच्या जनुकापासून आले आहे, हे २००० साली उघड झाले.

खरी गुंतागुंत गर्भाशयाच्या अस्तरात आहे. तिथे वारेच्या काही पेशी अंकुर सोडून आईच्या ऊतींत खोल शिरतात, सर्पिल रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू नाहीसे करतात आणि त्या अरुंद वाहिन्यांना रुंद, सैल नळ्यांचे रूप देतात, जेणेकरून पुढे वाढत्या गर्भाला पुरेसे रक्त मिळावे. या पेशी एचएलए-जी, एचएलए-ई आणि पित्याकडूनही आलेले एचएलए-सी उघडपणे मिरवतात. समोर असतात आईच्या नैसर्गिक मारक पेशी. पहिल्या तिमाहीत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के त्याच असतात. त्या वारेच्या पेशींना मारत नाहीत. उलट रोहिण्यांच्या फेररचनेला मदत करणारी द्रव्ये स्रवतात.

त्यांना आवर घालावा लागत असेल, असे आपल्याला वाटते. केंब्रिजमधील ॲशली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये नेमके उलट चित्र दाखवले: आईच्या मारक पेशींवर उत्तेजक ग्राही (संकेत टिपणारी प्रथिने) फारसे नसतील आणि गर्भात एचएलए-सी२ हा प्रकार असेल, तर या पेशी अति दबल्या जातात, रोहिण्यांची फेररचना अपुरी राहते, आणि अशा गर्भारपणात प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणातल्या उच्च रक्तदाबाच्या गंभीर विकाराचा, धोका वाढतो. दुसरे टोकही वाईटच: सिझेरियनच्या व्रणावर अस्तर नीट नसते, तिथे वार रुजली तर ती स्नायूपर्यंत खोल घुसते आणि प्रसूतीच्या वेळी सुटत नाही.

प्रतिपिंडांचा मार्ग वेगळा आहे. आवरणातील विशिष्ट ग्राही फक्त आयजीजी जातीचे प्रतिपिंड पकडून बाळाकडे पोहोचवतात आणि यातला मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत जातो. म्हणून अकाली जन्मलेल्या बाळाजवळ ही शिदोरी अपुरी असते. गर्भवतीला धनुर्वाताची लस देण्यामागे हाच मार्ग आहे. पण हे दार हितकारक आणि घातक प्रतिपिंडांत भेद करत नाही. आरएच निगेटिव्ह आईच्या रक्तात बाळाच्या आरएच पॉझिटिव्ह रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले, तर तेही पुढच्या गर्भारपणात याच वाटेने जातात. म्हणून अँटी-डी इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत, म्हणजे ते तयार होण्यापूर्वीच, द्यायचे असते.