टाके निघाल्यानंतर

(दृश्य: इंदूर. हॉस्पिटलची खोली. खाटेवर बसलेल्या साठीच्या बाई, हातात छोटा प्लास्टिकचा कप.)

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला एकच दिवस झालाय. कपात ३० मिलीलिटर पाणी आहे आणि ते संपवायला पंधरा मिनिटं घ्यायची आहेत. स्ट्रॉ नाही, गटागटा पिणं नाही. एक घोट, मग थांबायचं. छातीत दाटल्यासारखं झालं की आणखी थांबायचं. सिस्टर कागदावर वेळ टिपतात आणि पुढचा कप भरून ठेवतात.

बाई राजेंद्रनगरच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. उंची १५५ सेंटिमीटर आणि ऑपरेशनच्या आधी वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४६ च्या पुढे. चौदा वर्षांचा मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन, आणि गुडघे असे की सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक बघायला जायचं तर जिना किती पायऱ्यांचा हे आधी विचारावं लागायचं. त्यांनी नाव सांगू नका म्हटलं. या फिल्ममध्ये आम्ही कुणाचंच नाव घेतलेलं नाही, सर्जनचंही नाही.

(दृश्य: ओपीडीबाहेरचा हॉल. भारी वजनाच्या माणसांसाठी ठेवलेल्या रुंद, बिनहातांच्या खुर्च्या.)

या हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही विचारा, "डॉक्टर कसे आहेत?" उत्तर ठरलेलं. हात हलका आहे. समजावून सांगतात. घाई करत नाहीत. ही उत्तरं खरी आहेत. पण ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतली आहेत, जेव्हा वजनाचा काटा दर आठवड्याला खाली येत असतो आणि जुने कपडे ढगळ व्हायला लागतात. त्या दिवसांत प्रत्येक पेशंटला आपला सर्जन देवमाणूस वाटतो. आम्हाला तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षातली माणसं हवी होती. सर्जन कसा आहे हे त्यांच्याकडूनच कळतं, असं आमचं ठाम मत हे काम करताना झालं.

आधी ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात. दोन प्रकार जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहूनही थोडा अधिक कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. काढलेल्या भागात भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असतं, म्हणून पोट लहान होण्याबरोबर भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न मधला बराच रस्ता टाळून पुढे जातं. दोन्ही दुर्बिणीतून होतात, चार-पाच छोट्या छेदांतून, आणि त्याच संध्याकाळी पेशंटला उठवून चालवतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. आपल्या मुख्याध्यापिका बाईंचा बायपास झाला, कारण त्यांचा मधुमेह जुना आणि हट्टी होता.

ऑपरेशन कुणाचं करायचं याचे निकषही बदललेत. १९९१ पासून बीएमआय ४०, आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर ३५, असं धरत. २०२२ साली अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही मोठ्या संघटनांनी ती रेषा ३५ वर आणली, आजार असो वा नसो, आणि आशियाई माणसांसाठी आणखी खाली. आपल्याकडे कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते आणि साखर वाढते, म्हणून.

(दृश्य: राजेंद्रनगर. स्वयंपाकघर. ओट्यापाशी उभे असलेले बाईंचे यजमान, काका.)

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते स्वयंपाकघरात होतं. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: वरणाचं पाणी, मुगाचं गाळलेलं कढण, पातळ ताक, प्रथिनांची पावडर घातलेलं दूध. मग दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं मऊ. मग गुरगुट्या भात, खिचडी. पोळी सगळ्यात शेवटी, आणि पोहे तर त्याच्याही नंतर. इंदुरातल्या माणसाला सकाळचे पोहे काही महिने नाहीत म्हणजे काय, हे इथे वेगळं सांगायला नको.

डायटिशियननं दिलेला छापील तक्ता हिंदीत होता आणि त्यात सूप, दलिया, ओट्स होते. काकांनी तो फ्रिजवर लावला आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात दुसरा लिहिला. त्यात पिठलं होतं. बेसनात प्रथिनं चांगली असतात, गाठी न होऊ देता पातळ शिजवलं तर ते मऊ आहाराच्या टप्प्यात चालतं. काका पिठलं करतात ते आम्ही जवळून चित्रित केलं. बेसन ताकात कालवून गाळणीतून गाळलं. फोडणीला अर्धा चमचा तेल, हिंग, जिरं. मिरची नाही, लसूण ठेचून रस तेवढा. पंधरा मिनिटं ढवळत राहिले, मग नातवाच्या चांदीच्या वाटीत चार चमचे काढलं आणि त्याच्याच छोट्या चमच्यानं बाईंना दिलं. चार चमच्यांना वीस मिनिटं लागली. जेवताना पाणी नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा अर्धा तास पाणी प्यायचं नाही.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. शाकाहारी घरात हा आकडा गाठणं फार कठीण. एक वाटी घट्ट वरणातून जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतात, आणि इथे वाटीभर वरण मावतच नाही. म्हणून पनीर, दही, सोयाबीन आणि पावडर. प्रथिनं कमी पडली की अंगातली चरबी जायच्या ऐवजी स्नायू जातात, अशक्तपणा येतो, आणि तिसऱ्या महिन्यापासून केस मुठीनं गळायला लागतात. केस थोडे गळतातच, एवढं वजन झपाट्यानं उतरल्यावर शरीराला तो धक्का बसतो, आणि बहुतेकांचे पुन्हा येतात. पण हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर बाई हादरून जातात. टिळकनगरच्या एका तरुण मुलीनं सांगितलं की कंगव्यातले केस पाहून ती रात्रभर रडली आणि सकाळी सर्जनला फोन केला. फोन उचलला गेला. "हे होणार होतं, तुमच्या फाइलमध्ये पान तीनवर लिहिलंय, तरी एकदा फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासू," एवढंच ते बोलले. तिला तेवढं पुरलं. लग्न ठरलेलं असल्यामुळे तिला आणखी एक गोष्ट बजावून ठेवली होती: निदान वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

इन्सुलिनचं काय झालं? बायपासनंतर साखर वजनाच्याही आधी उतरायला लागते, काही दिवसांतच. जुना डोस तसाच घेतला तर साखर धोक्याच्या खाली जाते. बाईंचं इन्सुलिन घरी येतानाच निम्म्याहून कमी केलं होतं आणि काका रोज चार वेळा बोटातून रक्त काढून आकडे हॉस्पिटलला कळवत होते. तीन महिन्यांनी इन्सुलिन बंद झालं, एक गोळी राहिली. मधुमेह "बरा झाला" असं मात्र त्यांचे डॉक्टर म्हणत नाहीत. तो परत येऊ शकतो, तपासणी चालूच राहणार.

आणि मग आग्रह. आपल्याकडे पाहुण्याला दोनदा विचारल्याशिवाय पान पूर्ण होत नाही. पुतण्याच्या लग्नात बाईंच्या जाऊबाईंनी प्रेमानं अर्धी जिलबी हातावर ठेवली. "एवढ्यानं काय होतंय?" वीस मिनिटांत दरदरून घाम, धडधड, पोटात मुरडा. बाई कार्यालयातल्या खोलीत तासभर आडव्या पडल्या. वैद्यकात याला डंपिंग म्हणतात: साखर झपाट्यानं आतड्यात उतरते, तिथे पाणी खेचून घेते, आणि शरीर गडबडतं. जाऊबाईंना फार वाईट वाटलं. त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. पेशंटबरोबर घरच्यांनाही बसवून सांगायला हवं, आणि घरच्यांत चुलत-मावस सगळे आले, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: रात्र. सराफा, इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. भुट्ट्याच्या किसाचा वाफाळता तवा, गराडूच्या तळलेल्या कंदावर पडणारा जिरावण मसाला.)

सुदामानगरचा हा तरुण चौतीस वर्षांचा. घोरणं इतकं की झोपेत श्वास थांबायचा, रात्री मास्क लावावा लागे. स्लीव्ह झाली. १३८ किलोचा वर्षभरात ८९ झाला, मास्क सुटला, मित्रांनी सत्कार केला. तिसऱ्या वर्षी काटा १०१ वर गेला. पोट लहान होतं तसंच होतं. पण शेव चावून चावून जागा अडवत नाही, शिकंजी, इथलं गोड दुधाचं पेय, तर सरळ उतरते. दिवसभर थोडं थोडं जात राहिलं. शिवाय रात्री छातीत जळजळ, जी स्लीव्हनंतर काहींना होते.

त्यानं फॉलोअपला जाणं बंद केलं. "काय तोंड घेऊन जाऊ?" असं तो म्हणाला. ऑपरेशन झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात ही लाज आम्हाला सापडली. आयुष्यभर लठ्ठ म्हणून ऐकून घेतलेलं असतं. वजन परत चढलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं आणि माणूस ज्या दारात मदत मिळेल तेच दार टाळतो. त्याच्या बाबतीत हॉस्पिटलमधून फोन आला. वर्षाची तपासणी चुकली आहे, या. तो गेला. सर्जननं रागावण्याऐवजी दुर्बिणीनं जठर पाहिलं, जळजळीची औषधं दिली, डायटिशियनसमोर बसवून आठवड्याचं खाणं लिहून घेतलं आणि समुपदेशकाची वेळ दिली. आता वजन ९४ आहे. लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे, रक्तदाबासारखा त्याचाही पाठपुरावा लागतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कुणी नीट सांगितलं.

याच्या उलट गोष्टही ऐकायलाच हवी. एका ताईंचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं. डिस्चार्जच्या वेळी एक कागद मिळाला आणि एक नंबर. काही महिन्यांनी तो नंबर लागेना. वजन छान उतरलेलं, म्हणून त्यांनीही चौकशी केली नाही. गोळ्या संपल्या तशा बंद झाल्या. अडीच वर्षांनी हातांना आणि तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, हिमोग्लोबिन ७. बी-१२ जवळजवळ संपलेलं. हे उशिरा दिसतं, कारण शरीरात बी-१२ चा साठा बराच काळ पुरतो. ऑपरेशननंतर नवं शोषलं जात नाही आणि शिल्लक हळूहळू आटते. शाकाहारी माणसाची शिल्लक मुळातच कमी. इंजेक्शनं सुरू झाल्यावर हातांच्या मुंग्या गेल्या. तळपाय अजून बधिर आहेत.

ऑपरेशननंतर वारंवार उलट्या होत असतील तर एक गोष्ट घरच्यांना पाठ हवी. बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात नेलंत तरी आधी सांगा की वजनाचं ऑपरेशन झालंय, बी-१ चं इंजेक्शन आधी द्या. पहिल्या दिवसांत ताप, नाडी जलद, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं असेल तर सकाळची वाट बघू नका. टाक्याच्या रेषेतून गळती असू शकते.

(दृश्य: सात कप्प्यांची गोळ्यांची डबी.)

गोळ्या आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही. बायपास झालेल्यांनी डोकं दुखलं म्हणून ब्रुफेनसारखी गोळी मनानं घ्यायची नाही, जोडाजवळ अल्सर होतो. रक्ताच्या तपासण्या तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी. या खर्चाचा विचार ऑपरेशनच्या आधीच करा. विमा ऑपरेशनपुरता मिळू शकतो: विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत बीएमआय ४०, किंवा गंभीर मधुमेह, हृदयविकार, झोपेतला श्वासरोध असेल तर ३५, अशी अट होती. आताची अट आणि प्रतीक्षाकाळ पॉलिसीत वाचून घ्या. पुढची वर्षानुवर्षांची पावडर आणि गोळ्या बहुतेक खिशातूनच जातात.

हल्ली प्रत्येक जण इंजेक्शनांबद्दल विचारतो. २०२५ मध्ये वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं आपल्या बाजारात आली. ती चांगली काम करतात, थांबवली की बहुतेकांचं वजन परत चढतं. कुणाला काय योग्य ते तपासूनच ठरतं.

सर्जन निवडायला जाल तेव्हा भिंतीवरचे आधी-नंतरचे फोटो बघून भारावू नका. पाचव्या वर्षातले दोन पेशंट भेटवा म्हणून सांगा. मी तपासणीला आलो नाही तर मला फोन कोण करेल, हे विचारा. रात्री दोन वाजता उलट्या झाल्या तर फोन कोण उचलेल, तेही.

(दृश्य: हॉस्पिटलमधली पेशंटांची महिन्याची बैठक. गोल मांडलेल्या खुर्च्या.)

आजचा विषय नवरात्राचे उपास. मुख्याध्यापिका बाईंना आता वर्ष होत आलंय, वजन ७८. त्या वही घेऊन बसल्यात. डायटिशियन सांगते की साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, पहिलं वर्ष नऊ दिवसांचा उपास नको. बाई विचारतात, "अष्टमीचा तरी?" डायटिशियन वही मागून घेते आणि स्वतः लिहून देते: सकाळी ताक, अकराला पनीर ५० ग्रॅम, दुपारी राजगिऱ्याची पेज दुधातली, चारला पावडर, गोळ्या नेहमीच्या वेळी. खाली तिचा मोबाइल नंबर आहे आणि कंसात लिहिलंय, चक्कर आली तर उपास सोडून मला फोन.