नऊ फुटांचं वर्तुळ : विक्का आणि निसर्गाची जादू

नमस्कार मंडळी. विक्का या इंग्लंडात उगम पावलेल्या, निसर्ग पूजणाऱ्या धर्माचं नाव काढलं की लोक आधी विचारतात, ‘यांचा देव कोण?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे आपण येणारच आहोत. पण हा धर्म आधी हाताला कळतो, मग डोक्याला. म्हणून सुरुवात एका दोरापासून करू.

नऊ फूट लांबीचा दोर घ्यायचा. मधोमध दुमडला की साडेचार फूट. एक टोक खोलीच्या मध्यावर दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाशी खडू धरून गोल फिरायचं. नऊ फूट व्यासाचं वर्तुळ तयार होतं. परंपरागत विक्कामध्ये पूजेची जागा ती एवढीच. क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस फूट. एकत्र उपासना करणाऱ्या मंडळाला ‘कोव्हन’ म्हणतात आणि त्यात जास्तीत जास्त तेरा जण असावेत असा संकेत आहे. तेराही आले तर माणशी पाच चौरस फूटसुद्धा येत नाहीत, शिवाय वेदी आहेच. म्हणून मेणबत्त्या जमिनीवर न ठेवता काचेच्या उभ्या भांड्यात ठेवायच्या आणि झग्याच्या बाह्या मनगटाशी बांधायच्या. या दाटीत बाही पेटणं हा खरा धोका आहे.

वेदीवर काय काय असतं? पाण्याची वाटी, मिठाची वाटी, धुपाटणं, मेणबत्ती, पेला, छडी, पाच टोकांचा तारा कोरलेली तबकडी आणि काळ्या मुठीची दुधारी सुरी. या सुरीला ‘अथामे’ म्हणतात. तिने काहीही कापत नाहीत, तिचं काम फक्त दिशा दाखवण्याचं. वनस्पती कापायला, मेणबत्तीवर खुणा कोरायला पांढऱ्या मुठीची वेगळी सुरी ठेवतात.

आधी सुरीचं टोक पाण्यात, मग मिठात धरून दोन्ही शुद्ध करतात. तीन चिमटी मीठ पाण्यात टाकतात आणि ते पाणी वर्तुळाच्या कडेने शिंपडत जातात. मग धूप फिरवतात. मग पूर्वेपासून निघून सुरीचं टोक कडेवर रोखत पुन्हा पूर्वेला येतात. फिरायची दिशा आपल्या प्रदक्षिणेची, सूर्य जातो तशी, उजवीकडे. त्यानंतर चारी दिशांना आवाहन : पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. हे आपल्या वास्तुशास्त्राशी जुळवायला जाऊ नका, गोंधळ होईल. इंग्लंडच्या नकाशावर मात्र ते चपखल बसतं. दुपारचा सूर्य दक्षिणेला, अटलांटिक पश्चिमेला. प्रत्येक दिशेला हवेत पाच टोकांचा तारा काढतात. बऱ्याच मंडळांत पृथ्वीचा आवाहनाचा तारा चारी दिशांना वापरतात : वरच्या टोकापासून खाली डावीकडे, तिथून वर उजवीकडे, आडवं डावीकडे, खाली उजवीकडे आणि परत वर. विसर्जनाचा तारा खालच्या डाव्या टोकापासून वर चढत सुरू होतो. नवशिक्यांची हमखास गफलत इथे होते. दोन्ही तारे कागदावर पन्नास वेळा गिरवल्याशिवाय वर्तुळात उभं राहू नये.

त्याहून नेहमीची चूक म्हणजे आगपेटी बाहेर राहणं. एकदा वर्तुळ आखलं की मध्येच उठून जाता येत नाही. सुरीने हवेत दार कापायचं, बाहेर जाऊन यायचं, दार पुन्हा सांधायचं. तोवर सगळ्यांचं चित्त विस्कटलेलं असतं. म्हणून सुरुवातीआधी सामानाची यादी मोठ्याने वाचायची.

आता हे आलं कुठून? १८८४ साली लँकशरमध्ये जन्मलेला जेराल्ड गार्डनर हा गृहस्थ तरुणपणी सिलोनच्या चहामळ्यांत होता, पुढे बोर्निओ आणि मलायात रबराच्या मळ्यांवर आणि जकात खात्यात. मलायी क्रिसवर, म्हणजे तिथल्या नागमोडी कट्यारीवर, त्याने १९३६ साली ग्रंथ लिहिला. सुरीचं या धर्मातलं स्थान पाहिलं की हा तपशील लक्षात ठेवावासा वाटतो. निवृत्तीनंतर तो इंग्लंडला परतला. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगे. १७३५ चा जादूटोण्याचा कायदा ब्रिटनने १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं पुस्तक आलं. त्यात तो ‘विका’ असं, एकाच ‘क’ने लिहितो. प्रस्तावना मार्गारेट मरे यांची. या विदुषींचा जन्म कलकत्त्याचा, १८६३ चा. युरोपात चेटूक करणारे म्हणून ज्यांना जाळलं ते लोक मुळात ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते, हा त्यांचा सिद्धान्त. इतिहासकारांनी तो पुढे साफ खोडून काढला.

माझं मत स्पष्ट सांगतो. विक्का हा विसाव्या शतकातला धर्म आहे आणि तसं म्हणण्यात त्याचा काही कमीपणा नाही. सामग्री जुनी आहे : युरोपीय प्रबोधनकाळातली ‘नैसर्गिक जादू’, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढपंथाचे विधी, खेड्यापाड्यांतले झाडपाल्याचे उपाय. मांडणी नवी आहे. आणि त्या मांडणीला खरी भाषा दिली डोरीन व्हॅलिएंटे या बाईंनी. १९५३ मध्ये दीक्षा घेतल्यावर त्यांनी गार्डनरच्या वहीतला उसना मजकूर ओळखला, बराचसा काढून टाकला आणि देवीच्या मुखातलं मुख्य आवाहन नव्याने लिहिलं. आजही पौर्णिमेच्या रात्री ते म्हटलं जातं.

तर देव कोण? दोन आहेत. चंद्राची आणि पृथ्वीची देवी. अनेक मंडळं तिची कुमारी, माता आणि वृद्धा अशी तीन रूपं मानतात. आणि शिंगं असलेला रानाचा देव, जो वर्षाच्या चक्रात जन्मतो आणि मरतो. सैतान इथे कुठेच नाही, ती ख्रिस्ती धर्मातली कल्पना. काही जण या देवांना प्रत्यक्ष मानतात, काही निसर्गशक्तींची रूपं मानतात. श्रद्धेचा एकच मसुदा सगळ्यांवर लादलेला नाही.

एक शब्द मात्र जपून वापरायला हवा. ‘विच’ला मराठीत सरळ ‘चेटकीण’ म्हणू नये. तिकडे माणूस हे नाव स्वतः होऊन घेतो, पुरुषही घेतात. आपल्याकडे चेटकीण, डाकीण हे आरोप आहेत आणि त्या आरोपाखाली बायकांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच अनुभवातून आला. भीती घालून, चमत्काराचा दावा करून कुणी लुबाडत असेल तर तो गुन्हा आहे, मग त्याने स्वतःला कुठल्याही पंथाचं नाव दिलेलं असो. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. पैसे मागणारा भेटला तर तिथूनच परत फिरावं.

आता जादू. विक्कामध्ये तिचा अर्थ असा : निसर्गातल्या गोष्टींत गुण आहेत, त्यांच्यात परस्परांचे धागे आहेत आणि माणसाने आपला संकल्प त्या धाग्यांत, योग्य वेळी गुंफला तर बदल घडतो. बदल बाहेर घडतो की आधी माणसाच्या मनात, यावर त्यांच्यातही दोन मतं आहेत. वेळ चंद्रावरून ठरते. चंद्रचक्र साडेएकोणतीस दिवसांचं. वाढत्या चंद्रात वाढवायची कामं, उतरत्या चंद्रात सोडायची, कमी करायची कामं. आपल्याला हे सोपं आहे, शुक्ल आणि कृष्ण पक्ष घराघरातल्या पंचांगात छापलेले असतात. फक्त अमावास्येची धास्ती सोडून द्या. तिथे ती रात्र विश्रांतीची आणि आत्मपरीक्षणाची मानतात.

एक उदाहरण जवळून पाहू. नऊ गाठींचा विधी. सुती दोर घ्या, तीन मिलिमीटर जाड. नायलॉन नको, त्याची गाठ निसटते. लांबी किमान अडीच फूट. लोक फूटभर दोर घेतात आणि सहाव्या गाठीला अडकतात. या जाडीच्या दोरात एकेक गाठ इंचभराहून जास्त दोर खाते. नऊ गाठींत फूटभर दोर नुसता गाठींतच जातो.

संकल्प एका वाक्यात लिहा. ‘मला सुख मिळो’ चालणार नाही, कारण पूर्ण झाला की नाही हे कळायला मार्गच नाही. ‘पुढचे नऊ दिवस मी रोज दोन तास अभ्यासाला बसेन’ हा संकल्प. पहिली गाठ डाव्या टोकाला. दुसरी उजव्या. तिसरी बरोबर मध्यावर. चौथी पहिलीच्या आणि तिसरीच्या मध्ये, पाचवी तिसरीच्या आणि दुसरीच्या मध्ये. आता चार मोकळ्या जागा उरतात, त्यांत सहा ते नऊ या गाठी डावीकडून उजवीकडे. दरवेळी दोन गाठी जवळ आणून, दोर दुमडून नवा मध्य काढायचा. आधीच खुणा करून ठेवल्या तर त्या सरकतात, कारण दोर आखडत जातो. गाठ आवळताना संकल्प म्हणायचा आणि तिथेच श्वास सोडायचा. असा उड्या मारणारा क्रम का? कारण प्रत्येक गाठीला अख्खा दोर पुन्हा नजरेखालून घालावा लागतो. एका टोकाकडून ओळीने बांधत गेलात तर चौथ्या गाठीला हात आपोआप चालू लागतो आणि मन बाजारात जातं. पुढे रोज एक, बांधल्याच क्रमाने, गाठ सोडायची आणि त्या दिवसाचं काम करायचं. म्हणून गाठ घट्ट हवी, पण नखाने सुटेल इतपतच.

कल्पना जुनी आहे. उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर खलाशांना दोरात बांधलेला वारा विकणाऱ्या बायकांच्या कथा आहेत. पहिली गाठ सोडली की झुळूक, दुसरीला जोराचा वारा, तिसरी सोडायची नाही, तिच्यात वादळ.

वनस्पतींकडे वळताना मला काळजी वाटते, म्हणून थोडं थांबतो. झोपेच्या पुरचुंडीत वाळलेलं लॅव्हेंडर आणि थोडं मगवर्ट घालतात. मगवर्ट हे आपल्या दवण्याच्याच कुळातलं, वासावरून ओळख पटेल. पाला पुरता वाळलेला हवा, बोटांत कुरकुरून तुटला पाहिजे. ओलसर भरला तर आठवड्यात बुरशी धरते. पुरचुंडी उशाशी ठेवायची, काढा करून प्यायचा नाही. गरोदर बाईने तर मगवर्टपासून लांबच राहावं. जुन्या इंग्रजी याद्यांत यू वृक्ष, बेलाडोना, हेमलॉक यांची नावं येतात. तिन्ही जीवघेणी विषं आहेत. पेनिरॉयलच्या तेलाने यकृत निकामी होतं. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समज इथे माणूस मारतो.

खड्यांचंही तसंच. सेलेनाइट पाण्यात झिजतं, कारण ते जिप्सम आहे. मॅलकाइटमध्ये तांबं असतं, त्याचं पाणी पिऊ नये. धुपासाठी मिळणाऱ्या झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या चकतीखाली निदान इंचभर वाळू हवी, नाहीतर भांडं तडकतं. चकती राखाडी झाल्यावरच वर राळ टाकायची आणि खिडकी उघडी ठेवायची. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि चक्कर आली की लोक तिला साक्षात्कार समजतात.

नीतीचा नियम छोटा आहे : कुणाला इजा होत नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. व्हॅलिएंटे यांनी तो १९६४ मध्ये एका भाषणात जाहीरपणे मांडला. त्याचा व्यवहारातला अर्थ कडक आहे. विशिष्ट व्यक्तीने माझ्यावर प्रेम करावं म्हणून केलेला विधी याच नियमाने बाद होतो, कारण दुसऱ्याची इच्छा वाकवणं ही इजाच. केलेलं तिपटीने परत येतं असंही अनेक जण मानतात, आणि ते याच जन्मात.

वर्षात आठ सण. चार सूर्याचे, म्हणजे दोन अयनं आणि दोन विषुवदिनं. चार त्यांच्या मधले : ३१ ऑक्टोबरचा साउइन, फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बॉल्क, मेच्या सुरुवातीचा बेल्टेन आणि ऑगस्टच्या सुरुवातीचा लामास. सूर्याच्या सणांपैकी यूल हा हिवाळ्यातला, २१ किंवा २२ डिसेंबरला, प्रत्यक्ष अयनालाच येतो. आपलं निरयन पंचांग ताऱ्यांना धरून चालतं, म्हणून संक्रांत अयनापासून सरकत १४-१५ जानेवारीवर आली आहे. बेल्टेनला हॉथॉर्न या काटेरी झुडपाचा फुलोरा हवा, पण १७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले आणि तेव्हापासून १ मेला तो बऱ्याचदा उमललेलाच नसतो. काही जण तारीख सोडून फुलाची वाट पाहतात. मला तेच बरोबर वाटतं. ऑस्ट्रेलियात तर अख्खं चक्र उलटं करतात : यूल जूनमध्ये, अनेकांच्या वर्तुळात अग्नी उत्तरेला, आणि फिरणंही डावीकडे, कारण तिथे सूर्य तसा जातो.

शेवटी भाकरी किंवा बिस्किटं आणि वाइन किंवा फळांचा रस वाटून घेतात. हे सोडू नये. तासभर एकाग्र झालेल्या माणसाला पोटात काही गेलं की भान येतं. मग दिशांचा निरोप घेऊन वर्तुळ मोडायचं. उरलेला घास आणि घोटभर रस मातीला द्यायचा; मिठाचं पाणी मात्र मोरीत, झाडाच्या मुळाशी ओतलं तर झाड जळतं.

आणि त्याच रात्री वही काढायची. तारीख, चंद्राची कला, हवा, काय केलं, कुठे चुकलं, हे डाव्या पानावर. उजवं पान कोरं ठेवायचं. तीन महिन्यांनी त्या पानावर काय घडलं ते लिहायचं आणि काहीच घडलं नसेल तर तेही, तारखेसह.