पुंगळीच्या बुडावरची अक्षरे

कोल्हापुरातील जुन्या घरांच्या माळ्यावर, पलटणीत किंवा शिकारीला गेलेल्या कुणा पूर्वजाच्या ट्रंकेत, आजही कधी कधी पितळी काडतुसे सापडतात. ती काळवंडलेली असतात, कडांना हिरवट पूड धरलेली असते, आणि देवघरातील समई घासावी तशी ती चिंच-मीठ लावून लख्ख करण्याचा मोह घरातल्यांना होतो.

मात्र त्याआधी काडतुसाचे तोंड पाहावे. तेथे गोळी बसलेली असेल, तर बुडाच्या टोपीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या लहानशा चकतीवर, चापाच्या खिळीचा खड्डा दिसत असला तरी ते काडतूस जिवंत समजावे, कारण न उडालेल्या बारावरही तसाच खड्डा पडतो. अशा काडतुसाला हात न लावता पोलिसांना कळवावे; शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही. पुढे जे सांगितले आहे, ते केवळ उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांविषयी, म्हणजे पुंगळ्यांविषयी आहे.

पुंगळीच्या पितळात साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. तपकिरी-काळा थर धातूला फारसा अपाय करत नाही, उलट थोडे संरक्षणच देतो; हिरवी पूड मात्र धातू झिजत असल्याची खूण आहे. म्हणून हिरवे काढावे आणि तपकिरी राहू द्यावे, असे आमचे ठाम मत आहे. बुडावरची अक्षरे हाच या वस्तूचा दाखला असतो. थ्री नॉट थ्री रायफलीच्या पुंगळीवर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती 1869 साली स्थापन झालेल्या पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील आहे, हे कळते; शेजारचे आकडे बहुधा सालाचे असतात. पॉलिशने वारंवार रगडल्यास हीच उथळ अक्षरे आधी पुसट होतात.

हातमोजे घालून, कारण टोपीच्या राखेत शिसे किंवा पारा असू शकतो, पुंगळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी आणि हिरवी पूड बांबूच्या टोकदार काडीने हलकेच खरवडावी. लिंबू, चिंच किंवा सायट्रिक आम्लात ती फार वेळ राहिली, तर जस्त निघून जाऊन पितळावर गुलाबी डाग उमटतात, आणि ते सहजासहजी जात नाहीत.

अमोनिया असलेले पॉलिश तर पूर्णपणे टाळावे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या काडतुसांना आपोआप चिरा पडत असत; मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता, याचा उलगडा 1921 साली झाला. कोल्हापूरचा पाऊस पाहता ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवावी लागते.

धुतलेली पुंगळी आतूनही पूर्ण वाळवून तिच्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. ठेवण्यासाठी कातडी पट्टा वापरू नये, मग तो कितीही जुना आणि शोभिवंत असो: बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या आपल्याकडील चामड्यातील टॅनिन पितळावर पुन्हा हिरवा थर आणते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात पुंगळी ठेवावी आणि पावसाळा संपताच ती पुडी बदलावी.