पडद्यावर रेंगाळलेली सावली

मंडळी, प्लाझ्मा टीव्ही आता नवा मिळत नाही. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस पॅनेल बनवणं थांबवलं, आणि पुढच्याच वर्षी सॅमसंग आणि एलजीही त्यातून बाहेर पडल्या. त्यामुळे ज्यांच्याकडे चालू संच आहे, त्यांनी तो जपायलाच हवा. अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग पाहिलेल्या माणसाला मी का सांगतोय ते कळेल.

मला फोन येतो तो बहुतेक एकाच तक्रारीचा. "चॅनेल बदललं तरी कोपऱ्यात लोगो दिसतोय, टीव्ही गेला का?" मी आधी एक करायला सांगतो : पडदाभर सपाट करडा रंग लावा आणि जवळ जाऊन बघा. करड्यावर तो लोगो अगदी फिकट, ओल्या भिंतीवरच्या डागासारखा दिसतो. मग तासभर हलती चित्रं लावा आणि पुन्हा करडा रंग आणा. सावली फिकी झाली असेल, तर ती रेंगाळलेली आहे, जाईल. दिवसेंदिवस जशीच्या तशी राहिली, तर पॅनेल तिथे झिजलंय.

हा फरक समजून घ्यायला पडद्याच्या आत डोकवावं लागेल. दोन काचांच्या मध्ये बारीक बारीक खोल्या असतात. फुल एचडी पडद्यात त्या ६२ लाखांच्या वर भरतात. प्रत्येक खोलीत निऑन आणि झेनॉन वायू. विजेने तो पेटला की अतिनील किरण निघतात, आणि ते खोलीच्या आतल्या फॉस्फर नावाच्या चमकणाऱ्या लेपावर पडले की लाल, हिरवा किंवा निळा उजेड मिळतो. एखादं चित्र बराच वेळ तसंच राहिलं, तर त्या खोल्यांच्या भिंतींवर विद्युतभार थोडा साठून राहतो, आतल्या पृष्ठभागाचं वागणंही तात्पुरतं बदलतं. पुढचं चित्र आलं तरी त्या खोल्या शेजारणींपेक्षा वेगळ्या पेटतात. ही झाली सावली. झीज वेगळी. फॉस्फर वापराने मंदावतो, निळा सगळ्यांत आधी. मंदावलेला फॉस्फर परत तेजस्वी होत नाही, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण "दुरुस्त करून देतो" म्हणणारे भेटतात.

सावली घालवायला टीव्ही बंद करून ठेवण्यापेक्षा चालू ठेवणं बरं. पडदाभर, रंगीत, सतत हलणारं चित्र लावा. काही संचांत पांढरी पट्टी सरकवणारी सोय असते, तीही चालते, पण अर्धा-एक तास. माझ्या ओळखीच्या एका घरी ती रात्रभर चालू ठेवली होती, दोन रात्री. पांढरा म्हणजे तिन्ही फॉस्फर जोरात पेटलेले, म्हणजे सावली पुसण्याच्या नादात सगळा पडदा झिजवणं. मी ती बंद करायला लावली आणि नेहमीचे कार्यक्रम चौकटभर बघायला सांगितलं. पंधरवड्यात बातम्यांच्या खालच्या पट्टीची सावली शोधूनही सापडेना.

प्रतिबंधाचं बघाल, तर सगळ्यांत मोठा दोष कॉन्ट्रास्टचा. दुकानात डोळे दिपावेत म्हणून ठेवलेला 'व्हिव्हिड' मोड घरी तसाच राहतो. तो उतरवा. सुरुवातीचे शे-दोनशे तास फॉस्फर जास्त वेगाने झिजतो, म्हणून पॅनेल नवं बसवलं असेल तर तेव्हा विशेष जपा. चौकोनी जुने कार्यक्रम बघताना बाजूच्या काळ्या पट्ट्या रोज तासन्‌तास ठेवू नका. मधला भाग झिजतो, कडा ताज्या राहतात आणि पुढे चित्रात उभी रेघ उमटते. काही कंपन्यांनी म्हणूनच त्या पट्ट्या करड्या ठेवल्या. गेमिंगमधले गुणफलक, थांबवून ठेवलेला चित्रपट, मेनू, हे तर उघडच.

'पिक्सेल ऑर्बिटर' चालू ठेवा. तो चित्र किंचित इकडेतिकडे सरकवतो, इतकं थोडं की आपल्याला कळत नाही. त्याने ठशाची कड बोथट होते. मोठा लोगो मात्र त्याच्याने वाचत नाही, मधला भाग तसाच पेटत राहतो. म्हणून बातम्यांचं एकच चॅनेल दिवसभर लावून ठेवणाऱ्या घरी मी रिमोट हातात घेऊन आधी कॉन्ट्रास्ट खाली आणतो, मग ऑर्बिटर लावतो आणि त्यांच्यासमोर एकदा करडा पडदा दाखवतो. पुढच्या वेळी तो त्यांचा त्यांना लावता येतो.