स्तुत्य उपक्रम
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: लाल पुठ्ठ्याची वही. पानं उलटणारा हात.)

ही आमच्या कॉलेजच्या मागच्या वर्षीच्या प्रकल्प प्रदर्शनाची अभिप्राय वही. थोडं वाचून दाखवते. ‘स्तुत्य उपक्रम.’ ‘विद्यार्थ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.’ ‘खूप छान. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ परत ‘स्तुत्य उपक्रम’, खाली झोकदार सही. एका पानावर कुणीतरी ‘चहा चांगला होता’ असं लिहून गेलंय. अख्ख्या वहीत नेमकं सांगितलेलं असं तेवढंच.

मी नवी मुंबईत इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवते. त्या वर्षी सेमिनार हॉल सजवला होता. फीत होती, शाल-श्रीफळ होतं, आणि भाषणं इतकी लांबली की टेबलं बघायला पाऊण तास उरला. तारीख एप्रिलमधली. ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा अंतिम अहवाल, बाइंडिंगला गेलेलं. अशा दिवशी कुणी लाखमोलाची चूक काढली असती, तरी ती दुरुस्त कोण करणार होतं? खरं तर कुणी चूक काढूच नये असाच सगळा घाट होता. तो घालणाऱ्यांत मीही होते.

(दृश्य: सानपाड्याच्या बाजूचा रस्ता. समाजमंदिराच्या पायऱ्यांवरून टेबलं चढवणारी मुलं.)

यंदा फेब्रुवारी. कॉलेजात नाही, सेक्टरमधल्या समाजमंदिरात. प्रमुख पाहुणे नाहीत. मुलांनी सोसायट्यांच्या वॉचमनना, भाजी मार्केटातल्या ओळखीच्यांना, प्लंबरना, रिक्षावाल्यांना जाऊन सांगितलं, की आमचं काम अर्धवट आहे, येऊन बघा आणि काय चुकतंय ते सांगा. ‘अर्धवट आहे’ असं सांगायला मुलं तयार होईनात. आठवडाभर मी त्यांच्याशी यावरच वाद घालत होते.

प्रत्येक टेबलावर दोघं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त लिहायचं. आणि लिहायचं ते समोरच्याच्या शब्दांत. ‘वापरकर्त्याला रचना किचकट वाटली’ असं नाही. ‘अगं, हे बटण दाबायचं कुठं?’ असं. हात आधी कुठे गेला, कपाळाला आठी कधी पडली, तेही टिपायचं. ‘आवडलं का?’ हा प्रश्न बंद. घरी आलेल्या पाहुण्याला ‘पोहे कसे झालेत?’ विचारलं तर तो बिचारा काय सांगणार? त्याऐवजी विचारायचं: मागच्या वेळी असं झालं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

मोठी पोस्टर्सही काढून टाकली. टेबलावर एक पुठ्ठा, त्यावर एकच ओळ: आम्हाला अडलंय ते हे.

(दृश्य: लोखंडी ट्रॉली. एक माथाडी कामगार ती मागेपुढे ढकलून बघतो.)

एपीएमसीतल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, गोण्या वाहायला मुलांनी मोटर लावलेली ट्रॉली केली होती. बोलणारा मुलगा टॉर्कचं गणित सांगायला लागला. आलेल्या माथाडी काकांनी ते निमूट ऐकून घेतलं, ट्रॉली दारापर्यंत नेली आणि समाजमंदिराच्या पायरीवर चढवायला गेले. चढली नाही. ‘गाळ्याला पण पायरी असते,’ एवढंच म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. गुळगुळीत फरशीवर चार महिने चाचणी चालली होती. ५० किलोची गोणी, मोटरचे वॅट, सगळं तपासलेलं. पायरी कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

(दृश्य: होल्डिंग पाँड. काठाला तिवरं, पाण्यावर प्लॅस्टिक.)

मला जे टेबल दाखवायचंय ते मात्र पाण्याचं. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा केलेला. भरतीचं पाणी चढलं की काही ठिकाणी नाल्यांचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. म्हणून सिडकोनं शहर वसवताना हे तलाव केले; सरकारी कागदात धारण तलाव, लोकांच्या तोंडी होल्डिंग पाँड. यांच्या खाडीकडच्या तोंडाला एकाच बाजूनं उघडणारी झडपं असतात. भरतीच्या दाबानं ती मिटतात, पावसाचं पाणी आत थांबतं. ओहोटी लागली की उघडतात आणि पाणी निघून जातं. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की मात्र सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे.

मुलींच्या गटानं पाँडची पातळी मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतला होता. पाण्यावर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. मोबाइलवर हिरवा, पिवळा, लाल. नीटनेटकं काम होतं, मला आवडलं होतं.

पाणी उपसणाऱ्या पंपावर नोकरी करून निवृत्त झालेले एक काका या टेबलाशी तासभर बसले.

‘पोरी, खाली गाळ किती आहे ते कळतं का याला?’ नाही कळत. ‘मग पातळी सांगून उपयोग काय? अर्धा पाँड गाळानं भरलेला असला, तर तुझ्या हिरव्या दिव्यातच लोक बुडतील.’ मग थर्माकोलचा एक तुकडा मागवला, बादलीतल्या पाण्यावर सोडला. सेन्सर थर्माकोललाच पाणी समजला. बोलणारी मुलगी सारवासारव करायला लागली. लिहिणारीनं टेबलाखालून तिचा पाय दाबला. कॅमेऱ्यात ते आलंय, मी कापलेलं नाही.

मग काकांनी खरी गोष्ट सांगितली. ‘पाँड तुम्ही बघताय कशाला? झडपं मिटली की पाणी मागं फुगतं. आधी वर येतं ते तुमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या चेंबरमधनं. गाड्या काढायला जो अर्धा तास मिळतो, तो तिथं कळतो.’

मागे उभा असलेला प्लंबर म्हणाला, ‘मग टाकीचा फ्लोट टाका ना चेंबरमध्ये. वर आला की भोंगा वाजेल.’

मुलींचे चेहरे पडले. आठ महिन्यांच्या कामाला उत्तर काय, तर गच्चीवरच्या टाकीत असतो तो फ्लोट.

(दृश्य: संध्याकाळ. सतरंजीवर पसरलेल्या चिठ्ठ्या.)

रात्री सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. काही नुसत्या आवडीनिवडीच्या होत्या, रंग बदला वगैरे; त्या बाजूला ठेवल्या. काही एकमेकींच्या विरोधातल्या. भोंगा मोठा हवा, असं दुकानदार म्हणाला होता. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या होत्या की रात्री भोंगा नकोच. मुलांनी लगेच ‘मध्यम आवाज’ असं ठरवलं. तसला आवाज दुकानदाराला ऐकू आला नसता आणि आजींची झोप मात्र मोडली असती. शेवटी भोंगा वॉचमनच्या केबिनमध्ये न्यायचा ठरला.

फ्लोटवरून खरं भांडण झालं. ‘मॅडम, एक्स्टर्नल विचारणार, यात नवीन काय?’ एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक. प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही मार्क देतो ते अवघडपणाला. चेंबरमध्ये फ्लोट टाकून चार गाड्या वाचल्या, याला कुठल्या रकान्यात मार्क द्यायचे?

मुलींनी तरी फ्लोटच घेतला. सेन्सर का सोडला याचं एक प्रकरण ब्लॅक बुकमध्ये घातलं, थर्माकोलच्या फोटोसकट. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलनी तोच प्रश्न विचारला. मार्क बरे पडले, फार नाहीत.

(दृश्य: जून. सोसायटीचं गेट, पाऊस, चेंबरचं उघडं झाकण. छत्री धरलेले पंपवाले काका.)

परीक्षा संपली होती, मुलींना यायची काही गरज नव्हती. भरतीची वेळ बघून आल्या. पाणी चेंबरमध्ये चढलं, फ्लोट उचलला, वॉचमनच्या केबिनमध्ये भोंगा वाजला. वॉचमन दचकून बाहेर आला.

काका वाकून डबा बघत होते.

‘याचे सेल कोण बदलणार?’

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग लिहिणारीनं पिशवीतून वही काढली आणि छत्री काकांकडे दिली.