टेंपोतून आलेलं फुलपाखरू

(साताऱ्यातील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी मला पाऊण तास दिलाय आणि समोर घड्याळही ठेवलंय. निवृत्त मास्तराच्या हाती माईक देताना एवढी खबरदारी हवीच. पत्रिकेवर विषय छापलाय, 'हवामानबदलामुळे फुलपाखरं जागा बदलतात का? पुरावा कसा तपासायचा?' तिकडं येतोच. आधी आमच्या दाजींची गोष्ट.

दाजी सांगलीकडच्या दुष्काळी आटपाडीचे. बहीण तिकडं द्यायची ठरली तेव्हा वडिलांनी आधी विहीर बघितली, मग नवरा. विहीर कोरडी होती, नवरा चांगला निघाला. तर एका ऑक्टोबरात दाजींचा सकाळी सकाळी फोन. "मास्तर, तळहाताएवढं काळं-निळं पाखरू अंगणात बसलंय, फोटो धाडलाय." बघतो तर राणी पाकोळी! ब्लू मॉरमॉन, २०१५ साली आपलं राज्य फुलपाखरू झालं ते. कोयना-जावळीच्या ओल्या रानातली ही बाई आटपाडीच्या माळावर काय करतेय?

माझी चूक अशी, की उत्साहाच्या भरात एका वार्ताहराला हे सांगून बसलो. तो म्हणाला, "हवामानबदल?" मी म्हणालो, "असू शकेल, बघायला लागेल." दोन दिवसांनी मथळा, 'राणी पाकोळी दुष्काळी भागात, तज्ज्ञांचा इशारा'. तज्ज्ञ म्हणजे मी! अहो, जन्मात इशारा दिला तो फक्त मागच्या बाकाला, आणि तोही कुणी मनावर घेतला नाही. पेपरचं नाव सांगत नाही. इथल्या निम्म्या घरांत येतो.

मग लाज वाटून एसटीनं आटपाडी गाठली. अंगणात काळ्या पिशव्यांतली लिंबाची रोपं ओळीनं मांडलेली. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, आता दाजींना बाग करायचीय. पानं कडेनं कुरतडलेली. एका पानावर हिरवीगार अळी, डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढणारी. राणी पाकोळीची मादी लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. विचारलं, "दाजी, रोपं कुठली?" "घाटाकडच्या नर्सरीतली. टेंपोनं आणली." म्हणजे महाराणी टेंपोतून आल्या असाव्यात! किंवा पाणी आलं, बागा वाढल्या, म्हणून आपल्या आपण आल्या. दोन्हींत तापमानाचा संबंध काही नाही. शेवटी विचारलं, "पूर्वी कधी आलं होतं का हो हे?" दाजी म्हणाले, "आलंही असंल. मी कशाला बघतोय?" कॅमेऱ्याचा फोन त्यांच्या हातात आदल्या दिवाळीला आलेला.

मंडळी, 'मी कशाला बघतोय' हे वाक्य लक्षात ठेवा. आजचं व्याख्यान खरं तर तेवढंच आहे.

कारण मीही दाजीच. १९८६ पासूनची माझी वही आहे, यवतेश्वरचा घाट ते कास. फार मिरवली मी ती. मागं एक विद्यार्थिनी आली, म्हणाली, "सर, तेव्हाची आणि आत्ताची तुलना करू." तासाभरात वही मिटली तिनं. कुठल्या तारखेला काय दिसलं ते होतं. पण गेलो आणि दिसलं नाही, ते कुठंच नव्हतं. कोऱ्या ओळीचा अर्थ काय लावायचा? फुलपाखरू नव्हतं, ढग होते, की मी टपरीवर चहा पीत बसलो होतो? पर्जन्यमापकाशी बसलेला माणूस कोरड्या दिवशीही ०.० लिहितो. आम्ही एम.एस्सी. झालेले, आम्हाला शून्य लिहायची लाज!

ही चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिली म्हणे. बरं, पळतो.

शून्य लिहिणाऱ्या बाईंचं नाव कॅमिल पार्मेसान, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या पश्चिम भागात एडिथ्स चेकरस्पॉट नावाचं फुलपाखरू आहे. जुन्या नोंदींत ते जिथं जिथं होतं अशा १५१ जागी त्या पुन्हा गेल्या. रान मोडून वस्ती झाली, त्या जागा हिशेबातून काढल्या. टेंपोचा संशय असा आधीच काढून टाकायचा असतो. १९९६ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष आला. दक्षिणेला, म्हणजे उष्ण मेक्सिकोच्या बाजूला, ते नाहीसं होण्याचं प्रमाण कॅनडाच्या चौपट.

तुम्ही म्हणाल, एकच जात. बरोबर. म्हणून १९९९ ला युरोपातल्या, स्थलांतर न करणाऱ्या ३५ जाती तपासल्या. ६३ टक्के उत्तरेला सरकलेल्या, ३५ ते २४० किलोमीटर. दक्षिणेला फक्त ३ टक्के. नुसते बघणारे वाढले असते, तर हद्द चारी बाजूंनी फुगायला हवी होती. ती एकाच बाजूला सरकली, माझ्या लेखी हा सगळ्यात वजनदार पुरावा. पुढं २०१२ चा अभ्यास सांगतो की १९९० ते २००८ मध्ये युरोपातलं तापमान जणू २४९ किलोमीटर उत्तरेला गेलं, फुलपाखरं मात्र ११४. मागं पडतायत.

उलटं उदाहरणही ऐका. आपल्याकडचं टॉनी कॉस्टर नावाचं फुलपाखरू आग्नेय आशियातून पसरत २०१२ ला ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ पोचलं. विषुववृत्ताकडं, ओलांडून पलीकडं! उन्हाला कंटाळलेलं कोणी तिकडं जाईल का? सरकलं म्हणजे तापलं, असं नाही.

आणि आपला डोंगर? साधारण दीडशे मीटर चढलं की एक अंश गारवा मिळतो. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरच्या वर डोंगर संपतो, पुढं आभाळ. तिथल्या फुलपाखरांनी... हो हो अध्यक्षमहाराज, थांबतो.

उद्या नऊला, ऊन तापल्यावर, यवतेश्वरच्या पायथ्याशी जमू. वही आणा. दाजी येणार नाहीत, पण ते रोज व्हॉट्सॲप करतात, "मास्तर, आज शून्य." बहिणीची तक्रार आहे की मी तिच्या नवऱ्याला बिघडवलाय.