डॅलसला कुठे बर्फ पडतो!

या जानेवारीत अमेरिकेला निघणारी किती जणं आहेत इथे, हात वर करा बघू. आणि त्यातली टेक्सासला जाणारी? बघा, निम्मी तरी आहेत. तुमच्या घरी हेच बोलणं झालं असणार की बरं झालं डॅलस मिळालं, हवा आपल्यासारखीच आहे, शिकागोसारखा बर्फ नाही. माझी आईही तेच म्हणाली होती आणि वर्षातले बहुतेक दिवस ते खरंच असतं, उन्हाळ्यात तिथे चाळीशी गाठते. मी आज बोलणार आहे ते उरलेल्या चार-पाच दिवसांबद्दल, रस्त्यावर बर्फ होतो आणि गाडी घसरते त्या.

तुम्ही सगळे पुण्यात टू-व्हीलर चालवलेली माणसं आहात. सांगा मला, गाड्या जास्त कधी घसरतात, जुलैच्या धो-धो पावसात की जूनच्या पहिल्या सरीत? पहिल्या सरीत! कारण रस्त्यावर उन्हाळाभर साठलेली धूळ आणि ऑइल असतं, त्यात थोडंसंच पाणी पडलं की चिखलाचा पातळ थर होतो आणि वळणावर गाडी आडवी, पुढे पाऊस जोरात लागला की ते सगळं धुऊन जातं. बर्फाचं पण तसंच आहे, थोडासा असतो तोच घात करतो. कडक थंडीतला कोरडा बर्फ त्यामानाने बरा, तिथे टायर थोडी तरी पकड घेतं. पण पारा शून्याच्या आसपास असला की बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि सगळ्यात निसरडं तेव्हा असतं. डॅलसची थंडी नेमकी तिथेच घुटमळते, दुपारी वितळतं, रात्री परत गोठतं.

आणि बऱ्याचदा तर स्नो पडतच नाही, पाऊस पडतो. वर हवेचा उबदार थर असतो, जमिनीलगत गारठा, त्यामुळे थेंब पाणी म्हणूनच खाली येतो आणि रस्त्याला टेकल्या टेकल्या काचेसारखा गोठतो. पारदर्शक, खालचं डांबर स्वच्छ दिसतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात. तुम्हाला वाटतं रस्ता नुसता ओला आहे.

माझं तिकडचं दुसरं वर्ष होतं, सकाळी साडेसहाची वेळ, शेजारी रूममेट बसलेला. फोनवर तापमान २ डिग्री, म्हणजे शून्याच्या वर, म्हणून मी निर्धास्त. फ्लायओव्हरवर चढलो आणि टायरचा आवाज एकदम बंद झाला. ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त आठवते, ती शांतता. स्टिअरिंग हातात हलकं झालं. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले म्हणून मी इतकी वर्षं केलं तेच केलं, ब्रेक दाबला, स्टिअरिंग जोरात फिरवलं आणि गाडी संथपणे फिरत जाऊन कठड्यावर आदळली. स्पीड फार नव्हता तरी रूममेटचं मनगट मोडलं. त्याच्या आईला फोन मी केला होता, सातारला, आणि काय बोलू ते मला सुचत नव्हतं.

शून्याच्या वर असून बर्फ कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला हिमकण पडल्याच्या बातम्या वाचता ना तुम्ही, तेव्हाही हवेचं तापमान शून्याच्या बरंच वर असतं. थर्मामीटर जमिनीपासून चार-पाच फूट वरची हवा मोजतो, पण मोकळ्या आकाशाखाली गवत, गाडीचं टप, लाकडी फळ्या उष्णता सोडत सोडत हवेपेक्षा जास्त गार होतात. फ्लायओव्हरला तर खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून साधा रस्ता ठीक असताना पूल आधी गोठतो.

११ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे डॅलसशेजारच्या फोर्ट वर्थला हायवेवर हेच झालं, १३० पेक्षा जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि ६ माणसं गेली. २०१४ च्या जानेवारीत अटलांटाला जेमतेम दोन-तीन इंच स्नो पडला आणि अख्खं शहर रस्त्यावर अडकलं, कितीतरी मुलांनी रात्र शाळेत काढली. रोज बर्फ नसतो म्हणून तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक कमी, लोकांकडे हिवाळी टायर नाहीत आणि सवय तर कोणालाच नाही.

तर काय करायचं? आधी हे की जायचंच नाही. लेक्चर बुडू दे, शिफ्ट बुडू दे, आई-बाबांनो तुम्हीही फोनवर 'जा रे, काय होतंय' म्हणू नका. अडकलातच तर क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडी आपोआप एकाच स्पीडला ठेवणारं बटण, बंद, स्पीड एकदम कमी, आणि पुढच्या गाडीपासून भरपूर लांब, कारण बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटसुद्धा अंतर लागू शकतं. फोर व्हील ड्राइव्ह असली तरी ती गाडी पुढे ढकलायला मदत करते, थांबवायला नाही. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये, तर तो बर्फ आहे असं धरून चाला. घसरलात तर अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग हळूच तिकडे वळवा.

आणि गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेऊ नका, शटर अर्धं उघडं असलं तरी नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासला बर्फाचं वादळ आलं, लाखो घरांची वीज गेली आणि असं करणारी माणसं कार्बन मोनॉक्साइडने दगावली. त्या वायूला वास नसतो, कळतच नाही.

एका काकूंनी मघाशी विचारलं, हे शिकायचं कुठे? तिथे गेल्यावर पहिल्या बर्फाच्या दिवशी, चालवायची सवय असलेल्या कोणाला तरी घेऊन रिकाम्या पार्किंगमध्ये जा, लांबवर खांबही नको. २० च्या स्पीडला ब्रेक पूर्ण दाबा. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, चालू होते आणि पेडल पायाखाली थडथडायला लागतं, घाबरून पाय उचलावासा वाटतो, तो उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा. पाच-सहा वेळा करा. काच खरवडायचा स्क्रॅपर मी इथे आणलाय, हातात घेऊन बघा, आणि गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.